तिशीतच बीपी थोडं वाढलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रोडवर माझा दवाखाना आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून सर्दी-तापापासून सगळंच बघतो. पण गेल्या काही वर्षांत एक नवा पेशंट नियमाने येऊ लागलाय: वय पंचवीस ते चाळीस, हातात कंपनीच्या हेल्थ चेकअपचा कागद, आणि त्यावर बीपीच्या आकड्यापुढे लाल खूण. काही जण रात्रभर झोपलेले नसतात. काहींनी तोच कागद आठ महिने ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो आणि आता बायकोने किंवा आईने बळजबरीने पाठवलेलं असतं. दोघांनाही मी एकच सांगतो: आधी हा आकडा खरा आहे का ते बघू, आणि खरा निघाला तर मग त्याला सोडायचं नाही. खालचे सगळे प्रश्न मला दवाखान्यात विचारले गेलेले आहेत.

रिपोर्टमध्ये १३८/८८ आलंय. म्हणजे मला बीपी झालं का?

अजून नाही, पण सरळ नॉर्मलही नाही. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब आणि खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्ही वाढायला हवेत असं नाही, एक पुरे. तरुणांमध्ये पुष्कळदा खालचाच आधी वाढतो. १३० ते १३९ किंवा ८५ ते ८९ हा मधला पट्टा, ज्याला सगळे 'बॉर्डरलाइन' म्हणतात.

इंटरनेटवर वाचून आलेले विचारतात की तिथे तर १३० च्या पुढे बीपीच लिहिलंय. तेही बरोबर आहे. अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ साली ती रेषा १३०/८० वर आणली. रेषा कुठे ओढायची यावर मतभेद आहेत, पण १३८ वाल्याने काहीतरी करायला हवं यावर कुणाचाच मतभेद नाही.

दवाखान्यातच वाढतं, घरी नॉर्मल येतं. खरं कुठलं मानायचं?

घरचं, पण ते नीट मोजलेलं असेल तर. मागच्या महिन्यात हिंजवडीहून एक मुलगा आला. दीड तास ट्रॅफिकमध्ये बाइकवर, पार्किंग मिळेना म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावलेली, जिना चढून धापा टाकत स्टुलावर बसला. फुल शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळलेली, त्याचा फासच बसला होता. फोन वाजत होता. त्या क्षणी मोजलं ते १५२/९६. मग बाही सोडायला लावली, फोन बाजूला ठेवून टेकून बसवलं, बाकीचे दोन पेशंट आधी घेतले. दहा मिनिटांनी १३४/८६. माणूस तोच, मशीन तेच.

डॉक्टरसमोर वाढणाऱ्या बीपीला 'व्हाइट कोट' म्हणतात. पण याच्या उलटही असतं, आणि ते जास्त फसवं. दवाखान्यात छान १२४ आणि ऑफिसमध्ये, रात्रीच्या शिफ्टला, घरी मात्र १४०. हे फक्त बाहेर मोजूनच कळतं. शंका राहिली तर चोवीस तास दंडावर पट्टा बांधून ठेवणारं मशीन लावतात, त्याला ॲम्ब्युलेटरी मॉनिटरिंग म्हणतात. रात्री झोपेत दाब उतरतो की नाही हेसुद्धा त्यातून दिसतं.

घरी कसं मोजायचं?

या एका प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर होणार असतात.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहा, नाश्ता, गोळी, व्यायाम, सिगारेट यातलं काहीही व्हायच्या आधी मोजायचं. संध्याकाळी मोजताना या गोष्टींनंतर निदान अर्धा तास जाऊ द्या. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसा. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन नाही, पलंगावर मांडी घालूनही नाही. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक टाकलेले नकोत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर अशा उंचीला ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा उगाच जास्त येतो. मग पाच मिनिटं गप्प बसा. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, टीव्ही बंद. लघवी लागलेली असताना किंवा बोलताना मोजलं तर तेवढ्यानेच आकडा दहाएक अंकांनी वर जाऊ शकतो.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे चारही आकडे सोडून द्यायचे, कारण पहिल्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. घरच्या सरासरीसाठी रेषा थोडी खाली आहे: १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते बीपी धरायचं.

वही करा, साधी शाळेची. वाईट वाटणारा आकडा गाळू नका आणि चांगला येईपर्यंत पाच-पाच वेळा मोजू नका. पहिल्यांदा मोजताना मात्र दोन्ही हातांचं बघा. ज्या हाताचं जास्त येईल, तो पुढे कायम धरायचा.

मशीन कुठलं घ्यायचं? घड्याळात येतं ते चालेल का?

दंडावर बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. मनगटाचं नको. पट्ट्याचं माप मात्र बघून घ्या. अनेक मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा पट्टा येतो. जिमवाल्या किंवा अंगाने भरलेल्या माणसाचा दंड त्यात मावत नाही, आणि लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं. शिंप्याच्या टेपने दंड मोजून मगच दुकानात जा. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात आणून आमच्या मशीनशी पडताळून घ्या. घड्याळातल्या आकड्यावर निदान किंवा गोळी ठरवू नका.

मला काहीच त्रास होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग कशाला मागे लागायचं?

कारण थोडं वाढलेलं बीपी दुखतच नाही. डोकं दुखेल तेव्हा मोजू, असं म्हणणाऱ्यांची वर्षं निघून जातात. दाब मात्र रोज लाखभर ठोक्यांनिशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसत असतो. भिंत जाड आणि ताठर होते, हृदयाच्या डाव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, मूत्रपिंडाची बारीक गाळणी खराब होते. पन्नाशीत सुरू झालेल्या बीपीला हे करायला वीस वर्षं मिळतात. तिशीत सुरू झालेल्याला चाळीस.

अमेरिकेत १९८५-८६ साली अठरा ते तीस वयाच्या पाच हजारांवर मुलामुलींना एका अभ्यासात घेतलं आणि पुढे कित्येक दशकं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१८ साली त्यातून आलेला निष्कर्ष सरळ होता: चाळिशीच्या आत ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले. आपल्याकडेही हे दुर्मिळ राहिलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं किंवा गोळ्यांवर असलेलं निघालं.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. याच वयात शरीर सगळ्यात चांगला प्रतिसाद देतं, म्हणून लिहितोय. वेळ हातात असताना आलेला पेशंट मला फार मोलाचा वाटतो.

पण माझ्या वयात झालंच कसं?

बहुतेकांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. आईवडिलांकडून आलेली प्रवृत्ती, पोटाचा घेर, मीठ, बैठं काम, अपुरी झोप, दारू, सगळं थोडं थोडं मिळून होतं. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढे गेला की आम्ही सावध होतो. वजन योग्य असलं तरी पोट सुटलेलं असू शकतं.

मात्र चाळिशीच्या आतल्या माणसात दडलेलं कारण शोधायलाच हवं. मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद असणं, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून ॲल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन) जास्त सुटणं, थायरॉइड, जन्मापासून महाधमनीचा एक भाग आवळलेला असणं. या शेवटच्या कारणात पायाची नाडी मंद लागते, म्हणून मी पहिल्याच भेटीत तीही बघतो. बरेच जण चकित होतात, की बीपीला आलोय आणि डॉक्टर जांघेत काय चाचपतायत! तपासण्या साध्या आहेत: लघवी आणि तिच्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइडसाठी टीएसएच आणि ईसीजी. यात काही खटकलं, बीपी फारच जास्त असलं किंवा तीन गोळ्यांनीही उतरत नसलं, तरच पुढच्या तपासण्या. सगळं पॅकेज करून घ्यायची गरज नाही.

मीठ खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? मी तर वरून मीठ घेतच नाही.

हो, आहे. 'वरून घेत नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. आपल्या ताटात मीठ वरून येतच नाही फारसं, ते आतूनच येतं. कणकेत मीठ, भातात मीठ, आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, ताकात. डावीकडे लोणचं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर पापड. पापडात मिठासोबत पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच. संध्याकाळी चहाबरोबर खारी. यातलं एकही चमच्याने घेतलेलं मीठ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपण भारतीय सरासरी आठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त खातो. सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांतलं रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो. ज्यांची मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकायला सुस्त आहेत त्यांच्यात हे जास्त होतं, आणि ती प्रवृत्ती घराण्यात असते.

घरात किती जातं हे कळायला माझी एक युक्ती आहे. मिठाचं नवीन एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी मार्करने त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी परत बघा. चार मोठ्या माणसांच्या घरात, माणशी पाच ग्रॅम धरले तर दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे ते पाकीट पन्नास दिवस पुरायला हवं. कोथरूडच्या एका घरात ते सव्वीस दिवसांत संपलं. त्या बाईंचा विश्वासच बसेना, त्यांनी दुसरं पाकीटही तसंच लावलं. अठ्ठावीस दिवस. आणि यात बाहेरचं खाणं, विकतचे पापड-लोणची धरलेलीच नाहीत. पुढचे तीन महिने त्यांनी फक्त कणीक आणि भातातलं मीठ बंद केलं, लोणचं जेवणाऐवजी चवीला बोटभर ठेवलं. पाकीट चव्वेचाळीस दिवसांवर गेलं, मुलाचं बीपी सात अंकांनी उतरलं. जिभेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे काढले की जुनं जेवण खारट लागतं. लिंबू, आमसूल, ओलं खोबरं, भाजलेलं जिरं, लसणाची फोडणी यांनी चव भागते.

सैंधव किंवा काळं मीठ घेतलं तर चालेल ना?

सैंधव काय, काळं मीठ काय, मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधं मीठच. बीपीला सगळं सारखंच, आणि सैंधवात बहुधा आयोडीन नसतं ते वेगळंच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. त्याने बीपी उतरायला मदत होते. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

मी पीजीत राहतो, डबा आणि बाहेरचं खाणं. माझ्या हातात काय आहे?

तुमच्या हातात सगळं नाही, हे मान्य. तरी पुष्कळ आहे. डबेवाल्या मावशींना आमटी-भाजीत मीठ कमी घाला म्हणून सांगून बघा. माझ्या पेशंटपैकी ज्यांनी विचारलं, त्यांना बऱ्याचदा 'बरं बाळा' हेच उत्तर मिळालं. डब्यातलं लोणचं-पापड परत पाठवा. मिसळ आठवड्याला एकदा खा, मजेत खा, पण दुसरा रस्सा आणि वरचा फरसाण मागू नका. मीठ मुख्यतः त्या दोन्हींत असतं. एक केळं, एक पेरू, दुपारी वाटीभर साधं दही, हे पीजीच्या खोलीतही जमतं. फळं, भाज्या, डाळी यांतलं पोटॅशियम मिठाच्या परिणामाला तोल देतं.

पाकिटावरचं सोडियम वाचायला शिका. ते मिलीग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. शेवेच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला ८०० मिलीग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या मर्यादेचे दोन पंचमांश. मॅच बघता बघता शंभर ग्रॅम शेव कधी संपते कळत नाही. इलेक्ट्रोलाइटची पुडी, ॲसिडिटीची फसफसणारी पावडर, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं. ऑफिसात एसीत बसून रोज इलेक्ट्रोलाइट पिण्याचं काही कारण नाही.

चहा सोडू का?

नको. दिवसाला दोन-तीन कप चालतील. फक्त मोजण्याआधी अर्धा तास पिऊ नका. एनर्जी ड्रिंक मात्र सोडाच.

दर रविवारी सिंहगड चढतो. तेवढा व्यायाम पुरे ना?

सिंहगड सोडू नका. पण बीपीवर व्यायामाचा परिणाम दिवसभर टिकतो, आठवडाभर नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालणं हे खरं औषध आहे. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, पुण्याइतकी टेकड्यांची चैन फार थोड्या शहरांत आहे. ज्याचं बीपी वाढलेलं आहे अशा माणसात नियमित व्यायामाने वरचा आकडा साधारण पाच ते आठ अंकांनी उतरतो, म्हणजे सौम्य गोळीइतका. वजन जास्त असेल तर दर किलोमागे एकेक अंक आणखी.

जिमला जाणाऱ्यांनी वजनं उचलायला हरकत नाही, पण श्वास रोखून नाही. श्वास कोंडून जड वजन उचलताना दाब क्षणभर प्रचंड चढतो. प्री-वर्कआउट पावडरमध्ये कॅफीन भरपूर असतं. आणि कुणी 'इंजेक्शनचा कोर्स' सुचवत असेल, तर ते बहुधा स्टेरॉइड असतं. त्याने बीपी वाढलेली तीन मुलं मी पाहिली आहेत. मला हे सांगा, मी रागावणार नाही. लपवलंत तर मी भलत्याच कारणाच्या मागे लागेन.

झोपेचा काय संबंध?

मोठा. अमेरिकन शिफ्टमुळे पहाटे चारला झोपून दहाला उठणाऱ्यांचं बीपी आटोक्यात आणणं मला सगळ्यात अवघड जातं. झोपेत दाब दहा-वीस टक्के उतरायला हवा, तीच रक्तवाहिन्यांची विश्रांती. शिफ्ट बदलता येत नसेल तर निदान झोपेची वेळ रोज एकच ठेवा, खोली काळोखी करा, सुट्टीच्या दिवशी घड्याळ उलटं फिरवू नका. आणि बायको किंवा रूममेट म्हणत असेल की तुम्ही घोरता, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून घेता, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. दिवसा डुलक्या लागणं ही दुसरी खूण. त्यावर उपचार झाल्याशिवाय बीपी हटून बसतं.

सिगारेट, तंबाखू, दारू?

सिगारेट आणि तंबाखू दोन्ही बंद. मिश्रीही त्यातच आली. वाढलेलं बीपी आणि तंबाखू एकत्र आले की हृदयविकाराचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दारू जितकी कमी तितकं बीपी कमी. शनिवारी रात्री एकदम भरपूर, हा प्रकार सगळ्यात वाईट. सोमवारी सकाळी मोजलेल्या बीपीत मला तो दिसतो.

सगळं टेन्शनमुळेच आहे ना?

टेन्शनने त्या वेळेपुरतं चढतं. कायमचं वाढण्यात ताणामागोमाग येणाऱ्या सवयींचा वाटा जास्त असतो: कमी झोप, जास्त खाणं, सिगारेट. प्राणायाम, संथ दीर्घ श्वास रोज दहा-पंधरा मिनिटं जरूर करा, थोडा फरक पडतो. पण 'प्रोजेक्ट संपला की उतरेल' म्हणत थांबू नका. दोन वर्षांत चार प्रोजेक्ट संपलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या कुठल्या औषधाने बीपी वाढू शकतं का?

हो, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. पाठदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड. घशासाठी म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनाही सांगतो: जास्त प्रमाणात, बरेच आठवडे घेतलं तर ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं.

गोळी कधी सुरू करायची? एकदा सुरू केली की आयुष्यभर मागे लागते ना?

घरची सरासरी रेषेच्या जरा आसपास, तपासण्या नॉर्मल, डायबेटिस नाही, असं असेल तर मी तीन ते सहा महिने देतो. त्या काळात वही चालू, मीठ-चालणं-झोप यावर मनापासून काम. तरीही सरासरी वरच राहिली, किंवा सुरुवातीलाच बरीच जास्त असली, किंवा लघवीत अल्ब्युमिन, डायबेटिस, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर गोळी लगेच.

'मागे लागते' याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. गोळीची सवय लागत नाही. चष्मा लावल्याने डोळे चष्म्याच्या आहारी जात नाहीत, तसंच हे. गोळी चालू असेपर्यंत दाब आटोक्यात राहतो, बंद केली की मूळ पातळीवर येतो, कारण मूळ प्रवृत्ती तिथेच असते. मात्र दहा-बारा किलो वजन उतरवून, मीठ निम्म्यावर आणून गोळी कमी झालेली, काहींची थांबलेलीही मी पाहिली आहे. ते डॉक्टरसोबत, वही बघून करायचं. आकडा नॉर्मल आला म्हणून आपणच बंद करायची नाही. तो आकडा गोळीने आणलेला असतो.

त्रास झाला तर सांगा. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यावर सूज येते, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला. पर्याय भरपूर आहेत. यातल्या बहुतेक गोळ्या जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात.

आयुर्वेदिक काही नाही का?

सर्पगंधा आहे, आणि ती खरोखर बीपी उतरवते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरचा निबंध छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पण त्याने मन खचतं, उदासीनता येते, नाक चोंदतं, हेही लक्षात आलं आणि जास्त सुरक्षित औषधं आल्यावर ते मागे पडलं. चूर्णात किती मात्रा आहे हे कळत नाही. घेत असाल तर लपवू नका, इतर गोळ्यांबरोबर ती धोक्याची ठरू शकते.

लग्न ठरलंय, पुढे बाळाचा विचार आहे. गोळी चालू आहे. काय करू?

आत्ताच सांगा, पाळी चुकल्यावर नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करतात. त्या आधीच बदलून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक देतात. बीपी असलेल्या मुलींची बाळंतपणं नीट होतात, फक्त लक्ष जास्त ठेवावं लागतं. आणि सासरी सांगायचं का, असंही विचारतात. माझं मत: सांगा. रोज सकाळी गोळी लपवून घेत बसण्यासारखं यात काहीच नाही.

रात्री अचानक १६५/१०० दिसलं. हॉस्पिटलला पळू का?

दुसरा काही त्रास नसेल तर नको. मशीन बाजूला ठेवा, पंधरा-वीस मिनिटं शांत बसा, एकदाच परत मोजा, सकाळी डॉक्टरांना कळवा. जास्तीची गोळी घेऊ नका, जिभेखाली काही ठेवू नका. एकदम दाब पाडणं जास्त घातक असतं. १८०/१२० च्या वर असेल आणि परत मोजूनही तेवढंच राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. आणि छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, दिसेनासं होणं, असह्य डोकेदुखी यातलं काहीही असेल तर आकडा न बघता १०८ ला फोन.

विम्याच्या फॉर्मवर लिहिलं तर प्रीमियम वाढेल. गाळू का?

गाळू नका. प्रीमियम थोडा वाढेल किंवा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लागेल, तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. लपवलेलं क्लेमच्या वेळी निघालं तर पूर्ण रक्कम अडकू शकते.

घरात मशीन आणलंच आहे. बाकीच्यांचं मोजू का?

जरूर मोजा. बॉर्डरलाइन बीपीची एक मुलगी सात दिवसांची वही घेऊन आली. तिची सरासरी १३१/८३ निघाली, गोळीची गरज नव्हती. वही परत देताना शेवटच्या पानावर वेगळ्या अक्षरात तीन आकडे दिसले: १७२/९८, १६८/९६, १७०/१००. विचारलं तर म्हणाली, "ते आईचे आहेत, ती गंमत म्हणून बसली होती." आईचं वय छप्पन्न. बाळंतपणानंतर तिचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षं. मी त्याच संध्याकाळी तिला बोलावून घेतलं.